मंदाने परिक्रमा केली नव्हती

मंदे, परवा तुझी शोकसभा झाली आणि मी ती बिघडवली.

तुझ्यापर्यंत बातम्या कशा पोचतात ते मला ठाऊक नाही. पण आपल्या कॉलनीतल्या बायकांचा वेग पाहता ही पोचली असणार, आणि तिखटमीठ लावूनच पोचली असणार. म्हणून मूळ प्रत माझ्याकडून घे. कॉलनीच्या मंडळाच्या अंकासाठी 'चार शब्द' लिहून द्या असं अध्यक्षांनी सभेच्या आधी सांगितलं होतं. सभेनंतर ते पुन्हा काही बोलले नाहीत. त्यांनी नको म्हटलेलं नाही, म्हणजे देणं भाग आहे. छापणार नसतील तर मी स्वतः झेरॉक्स काढून दारोदार वाटीन. निवृत्त फोरमनला दुसरं काम काय असतं?

सभा चांगली चालली होती. म्हणजे वाईट चालली होती, पण सभा जशा चालतात तशी. तुझा तोच फोटो लावला होता, ज्यात तू चिडलेली दिसतेस आणि लोकांना वाटतं ध्यान लावलंय. एकाने तुला माउली म्हटलं, दुसऱ्याने सिद्ध म्हटलं. तिसऱ्याने सांगितलं की तू नुसता हात ठेवलास आणि त्याची अर्धशिशी गेली. मी तिथेच होतो त्या दिवशी. तू हात ठेवला नव्हतास, डोळे तपासायला पाठवलं होतंस. चष्मा लागला आणि अर्धशिशी गेली. पण चष्म्याला कोण हार घालतो?

तुझं खरं काम लोकांना कधी दिसलंच नाही, कारण ते फार साधं दिसायचं. तुझ्या पडवीत दोन पाट, मध्ये सूप. पौष-माघात शहपुऱ्याकडचा मटार पोत्यांनी यायचा, तेव्हा मटार. एरवी मेथी, गवार, निवडायचे तांदूळ. आलेल्या माणसाला तू समोर बसवायचीस, सुपातला ढीग पुढे करायचीस आणि विचारायचीस, काल रात्री काय जेवलात आणि कोणासोबत. बस. माणूस शेंगा सोलू लागायचा. नजर खाली, हात गुंतलेले. वीस मिनिटं मटारचे भाव आणि गॅसचा नंबर, आणि मग एकदम एखादी शेंग अर्धवट उघडून तो थांबायचा. तिथे तुझं काम सुरू व्हायचं. तू तेव्हाही काही बोलत नसायचीस.

मला वाटायचं हे तर कोणीही करेल. म्हणून मी केलं. आमच्या शेजारच्या दुबेजींना झोप येत नव्हती. तू शिबिराला गेली होतीस, मी त्यांना माझ्या ओट्यावर बसवलं, पाच किलो मटार पुढे ठेवला आणि विचारलं, कल रात को क्या खाया? ते म्हणाले, खिचडी. खिचडीवरून मला माझी फॅक्टरीतली पहिली रात्रपाळी आठवली. ती सांगता सांगता माझं लग्न, माझं प्रमोशन, माझं न झालेलं प्रमोशन. तासाभराने पाहिलं तर दुबेजी भिंतीला टेकून घोरत होते. तू परत आलीस आणि हे ऐकून पदर तोंडाला लावून हसलीस. "सुध्या, तुझी ही पहिली आणि शेवटची यशस्वी केस," म्हणालीस. मटार सगळा मीच सोलला होता, ते कोणी विचारलं नाही.

तू ही विद्या कुठून आणलीस ते मला माहीत आहे, म्हणून मला हात ठेवण्याच्या गोष्टींचा राग येतो. आपण एकाच फॅक्टरीच्या क्वार्टरांत वाढलो. दोघांचेही बाप वर्ध्याकडून जबलपूरला आलेले. ते आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. पुढे राज्यं वेगळी झाली, नागपूर तिकडे गेलं, आपण इकडे राहिलो, आणि घरात मराठी, दारात हिंदी असं आयुष्य गेलं. तू सरकारी दवाखान्यात नर्स झालीस. तुझे यजमान दिनकरराव बसस्टॉपवर उभ्या उभ्या गेले तेव्हा तू एकेचाळीस वर्षांची होतीस. त्यानंतर तुझ्या घशाखाली घास उतरेना. नळी घालून पाहिलं, फोटो काढले, सगळं नॉर्मल. जो तो म्हणायचा, काही नाही झालंय तुम्हाला. मीही म्हणालो होतो. वर हेही म्हणालो होतो की डाएटिंगचा खर्च वाचला. त्या वेळी तू मला सूप फेकून मारायला हवं होतंस.

शेवटी तुझ्या वॉर्डातली म्हातारी आया रोज ड्युटी संपल्यावर तुझ्या घरी येऊन बसू लागली. ती काही विचारायची नाही. स्वतःचा मटार आणायची, निम्मा तुझ्यापुढे सारायची. सहाव्या की सातव्या दिवशी तू सोलता सोलता चार दाणे तोंडात टाकलेस आणि ते खाली उतरले. मग तू रडलीस. हे तू मला वीस वर्षांनी सांगितलंस, आणि सांगतानाही तुझा हात घशाकडे गेला होता.

तिथून तू निघालीस. चव्वेचाळिसाव्या वर्षी पत्राने समुपदेशनाचा कोर्स. नागपूरच्या एका मनोविकारतज्ज्ञांच्या ओपीडीत सुट्ट्या टाकून, कोपऱ्यात स्टुलावर बसून शिकणं. श्वासाचे प्रकार एका योगशिक्षकाकडून शिकलीस आणि त्यातले जे अंगाला लागेनात ते सोडून दिलेस. मी म्हणायचो, तू ना डॉक्टर, ना बुवा, मग पाटीवर काय लिहायचं? तू म्हणायचीस, "शरीराचं दुखणं डॉक्टरकडे न्या. दोघांचं भांडण असेल, शरीराचं अन् मनाचं, तर माझ्याकडे या. पण आधी रक्त तपासून या." पाटी तू कधी लावली नाहीस. गंडा नाही, अंगारा नाही, खडा नाही. कोणी पाया पडायला वाकलं तर म्हणायचीस, वाकलातच आहात तर तेवढी टरफलं गोळा करा.

आता कोणी कोणी विचारतात, सगळ्यांना बरं करणारीला स्वतःला का नाही करता आलं? सभेच्या दारातही एकाने विचारलं, हळूच, सहानुभूतीच्या आवाजात. मी त्याला विचारलं, ग्वारीघाटचा नावाडी तापाने गेला तर त्याने नदीपार केलेली माणसं पुन्हा अलीकडच्या काठावर येतात का? तो निघून गेला. मला बरं वाटलं. पण खरं सांगू, त्याच प्रश्नाच्या भीतीने मी माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा गाढवपणा केला होता.

दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात तुला गाठ निघाली. नागपूरला भावाकडे राहून इलाज घ्यायचा ठरलं. तुझ्या मनात कसलाच घोळ नव्हता. मला म्हणालीस, माझ्या दारावर कागद लाव. लिही की मंदाताईंना कॅन्सर झाला आहे, त्या नागपूरला औषधोपचार घेत आहेत, फाल्गुनात परत येतील, तोवर कोणाला अंगात काही वेगळं जाणवलं तर वाट न पाहता डॉक्टरकडे जावं. शेवटचं वाक्य तू दोनदा वाचून घेतलंस. मोबाइलही माझ्याकडे दिलास. म्हणालीस, लोक फोन करतील, त्यांनाही हेच सांग.

मी गाडीने तुला घेऊन निघालो. नर्मदेवर, तिलवाऱ्याच्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती. तू खाली उतरलीस आणि पाच मिनिटं कठड्याशी उभी राहून नदीकडे पाहत राहिलीस. पांढरी साडी होती अंगावर. समोरून येणाऱ्या बसमध्ये दुबेजी होते.

दोन दिवसांनी मी परत आलो, कागद आणि टेप घेऊन तुझ्या दाराशी उभा राहिलो, तर दुबेजी हजर. म्हणाले, दीदी को तिलवारा में देखा, सफेद साड़ी में, हाथ जोड़े हुए। परिक्रमा उठा ली क्या?

एकादशी नुकतीच झाली होती. घाटावर परिक्रमेला निघणाऱ्यांची गर्दी होती, त्यामुळे त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. मी फक्त नाही म्हणायचं होतं आणि कागद चिकटवायचा होता. पण मला पुढचं वाक्य आधीच ऐकू आलं: अरे, दीदी को कैंसर? और हम लोग उनके पास जाते थे? आणि मंदे, मी मान हलवली. एक शब्दही बोललो नाही. खोटं बोलायला मला तोंडसुद्धा लागलं नाही.

वास्तविक दुबेजी घाट जाणणारा माणूस. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसते हे त्यांच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल, आणि त्यांनी तुला पाहिलं ते थेट पुलावर. पण श्रद्धा ठेवायची ठरल्यावर पूलही कोणाला दिसत नाही. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं. कागद माझ्या खिशात राहिला, पँट धुवायला गेली, कागदाचा लगदा झाला.

मग तुला चालवणं माझ्याकडे आलं. रोज कोणीतरी विचारायचं, दीदी कुठवर पोचल्या? पहिल्याच आठवड्यात मी तुला ओंकारेश्वरला नेलं. घाटावरच्या फूलवालीने विचारलं, नदी उजव्या हाताला ठेवून जायचं असतं ना, मग इथून आधी अमरकंटक नाही का लागत? मी तुला त्याच दिवशी ओंकारेश्वरहून उचललं आणि अमरकंटककडे, मंडल्याच्या रस्त्याला लावलं. घरी नकाशा आणला. नातवाचे रंगीत खडू घेऊन तुझे मुक्काम ठरवू लागलो. तिकडे नागपुरात तुला सलाईनमधून औषध जात होतं, उलट्या होत होत्या, आणि इकडे मी तुला दिवसाला पाच कोस चालवत होतो. लोक माझ्याकडे नारळ आणून देत. मंदे, मला ते आवडत होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या दारातला माणूस म्हणून मला कधी कोणी खुर्ची दिली नव्हती, आता देऊ लागले.

पौषात वंदनाचा फोन आला. आपल्या रेल्वेवाल्या गजाननची बायको. मराठी कळतं सगळं, बोलते अर्धं हिंदीत. तुझ्या सुपाशी बसून जी वर्षभर मुकाट शेंगा सोलत होती आणि एक दिवस सासूबद्दल दोन तास बोलली, तीच. तिने विचारलं, ताई कधी येतील काका? त्यांना एक दाखवायचं होतं.

मी म्हणालो, फाल्गुनात. आत्ता गुजरातेत आहेत, समुद्राजवळ.

काय दाखवायचंय, हे मी विचारलं नाही.

तू फाल्गुनात आलीस, डोक्याला रुमाल, अंगावर साडी टांगल्यासारखी. दारात आरतीची ताटं. कोणी पाय धुवायला तांब्या घेऊन उभं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तुला सगळं कळलं. बालमैत्रीचा हा एक तोटा. कोणीतरी म्हणालं, दीदीने मुंडन भी कराया। तेव्हा तू रुमाल काढलास आणि ओट्यावर उभी राहून म्हणालीस, "हे मुंडन नाही. मला कॅन्सर झाला आहे. औषधाने केस गेले. मी नागपूरला होती. परिक्रमा मी केली नाही." मग तेच हिंदीत.

माझं नाव घेतलं नाहीस. मी वाट पाहत होतो, घेशील म्हणून.

आणि काय झालं? लोक म्हणाले, बघा, केवढा विनय. कॅन्सर असताना परिक्रमा केली आणि नाही म्हणतात. तुझं खरंसुद्धा त्यांनी माझ्या खोट्याच्या खाली घालून टाकलं.

गर्दी पांगल्यावर वंदना मागे थांबली. तू तिला आत नेलंस, नर्सच्या हातांनी तपासलंस आणि दुसऱ्या दिवशी, स्वतःला धड उभं राहवत नसताना, तिला घेऊन नागपूरला गेलीस. तिचं ऑपरेशन मोठं झालं. आधी आली असती तर लहान झालं असतं का, असं गजाननने विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. त्या 'सांगता येत नाही'वर मी दीड वर्ष झोपतो आणि उठतो.

तू माझ्याशी अकरा दिवस बोलली नाहीस. बाराव्या दिवशी बोलावलंस, गहू निवडायला बसवलंस. मी सुरुवात केली, की निदान मी तुला फुकटात पुण्य तरी... तू सूप बाजूला केलंस.

"काहून रे सुधाकर? तू जोक करतो ना, तेव्हा समोरच्याचं दुःख तुझ्या दारातूनच परत जाते. तुला वाटते तू हलकं करून राहिला. तू आत येऊ देत नाही त्याला."

मी म्हणालो, मग काय करू?

"वंदनाला जाऊन सांग. एकच वाक्य. जोक नाही, कारण नाही, रडणं नाही."

मी तीनदा गेलो, मंदे. पहिल्यांदा गजाननशी क्रिकेटवर बोललो आणि चहा पिऊन आलो. दुसऱ्यांदा पपई नेली आणि पपईवर किस्सा सांगितला, ती हसली, मी पळालो. तिसऱ्यांदा दारावरची बेल वाजवली आणि जिना उतरून गेलो. पासष्ट वर्षांचा माणूस, बेल वाजवून पळणारा. तू दर वेळी विचारायचीस, सांगितलं? आणि मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. आपलं हे भांडण तुझ्या शेवटच्या गुरुवारपर्यंत चाललं. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा आवाज निघत नव्हता, नुसत्या भुवया वर केल्यास. मी म्हणालो, सांगतो. त्या भुवया तशाच वर होत्या. तुला माझा भरवसा नव्हता, आणि बरोबर होतं तुझं.

तर परवाची सभा. अध्यक्षांनी तुझ्या नावाच्या दगडी पाटीचा मजकूर वाचला. 'कर्करोगाशी झुंज देत नर्मदा परिक्रमा पूर्ण करणाऱ्या.' टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या. तेव्हाही मी बसूनच होतो, बरं का. माझ्याकडून शौर्याची अपेक्षा ठेवू नकोस. पण मग मागच्या रांगेतून एक माणूस उठला, अनोळखी, साधा, हातात पिशवी. त्याने विचारलं, ताईंना परिक्रमेने आराम पडला होता ना? त्याच्या बहिणीला हाच आजार आहे. ती सलाईन नको म्हणते. परिक्रमेला जायचं म्हणते. ताईंचं ऐकूनच.

अध्यक्ष म्हणाले, श्रद्धा असेल तर सगळं होतं.

मी उठलो. माइक घेतला नाही, फॅक्टरीतला आवाज आहे माझा. म्हणालो, मंदाने परिक्रमा केली नव्हती. ते मी पसरवलं. ती नागपूरला केमो घेत होती, आणि तिने मला ते दारावर लिहून लावायला सांगितलं होतं. मी लावलं नाही. तुमच्या बहिणीला उद्या सकाळी डॉक्टरकडे न्या.

अध्यक्ष म्हणाले, सुधाकरराव, आत्ता हे कशाला, गेलेल्या माणसाची प्रतिमा असते. मी म्हणालो, प्रतिमा तुम्ही ठेवा, मला बाई ठाऊक होती. दुबेजी खाली मान घालून बसले होते. कोणीतरी म्हणालं, वय झालंय यांचं. अध्यक्षांनी दोन मिनिटं शांततेसाठी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. मी म्हणालो, थांबा, अजून एक आहे, आणि वंदनाकडे वळलो. ती बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत होती.

मी म्हणालो, वंदना, तू फोन केलास तेव्हा मला माहीत होतं की मंदा नागपूरला आहे, आणि मी तुझ्याशी खोटं बोललो.

एक वाक्य. जोक नाही, कारण नाही. रडू मात्र आलंच, तेवढा तुझा हिशेब चुकला.

सगळे दोन मिनिटांसाठी उभे राहिले होते, त्यामुळे वंदनाला उठावं लागलं नाही. ती उभीच होती.

"मला माहीत नव्हतं, काका," ती म्हणाली. "मला वाटायचं तुम्हालाही तसंच सांगितलं कोणी." मग, "मी थांबली, कारण मला थांबायचंच होतं. डर लागत होता. तुम्ही मला बहाणा दिला. पण हे मी तुमचं ओझं कमी करायला नाही सांगून राहिली. और माफ-वाफ मैंने नहीं किया है अभी।"

मी म्हणालो, बरं.

सभा तिथेच संपली. हार तसाच राहिला, प्रसाद म्हणून आणलेले पेढे कोणी घेतले नाहीत. पिशवीवाला माणूस दारात मला थांबवून नागपूरच्या डॉक्टरांचं नाव विचारत होता. मी त्याच्या तळहातावरच लिहिलं, कारण कागदावर माझा विश्वास राहिलेला नाही. पाटीचं काम मी दगडवाल्याकडे जाऊन थांबवलं आहे. अध्यक्ष रागावले आहेत. रागावू देत. त्यांनी परिक्रमा कोरलीच, तर छिन्नी माझ्याकडेही आहे आणि ती कशी धरायची ते मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं.

तुझी आठवण मळवली, असं म्हणणारे आता पुष्कळ आहेत. म्हणू देत. ज्या बाईने आरतीच्या ताटांसमोर टक्कल उघडं केलं, तिची आठवण मखमलीत गुंडाळायची कोणी? तू आमच्यातून गेलीस म्हणून तुझ्याबद्दल खोटं बोलायचा हक्क आम्हाला मिळत नाही. मला तर तू जिवंत असतानाही नव्हता.

काल संध्याकाळी वंदनाचा फोन आला. मंगळवारी तिची नागपूरला तपासणी आहे. गजाननला सुट्टी नाही. म्हणाली, गाडी तुम्ही चालवाल का काका? मी हो म्हणालो. मग म्हणाली, रस्ताभर मी बोलणार आहे, खूप बोलायचं आहे, तुमच्यावर ओरडणार पण आहे. तुम्ही मध्ये काही बोलायचं नाही. किस्सा नाही, काही नाही.

जायला पाच तास, यायला पाच तास, मंदे. तू असतीस तर पैज लावली असतीस की सुध्या पहिल्या टोलनाक्यापर्यंतही टिकणार नाही.

मंगळवारी बघच.